विश्रामचा पिवळा

सुलभाचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत बसलो होतो. सात वर्षांत त्या घरातून मला फोन आला नव्हता, त्यामुळे पलीकडून "काका" एवढा एकच शब्द आला आणि पुढचं कळलं. ती म्हणाली, "बाबा गेले. सकाळी चहा घेतला, खिडकीशी बसले आणि... तुम्ही येताय ना?" मी येतो म्हणालो. फोन ठेवला आणि उरलेले मटार सोलून संपवले. असं का केलं ते मला सांगता येणार नाही. माझ्या परळच्या घरापासून लालबाग पायी पंधरा मिनिटांवर आहे. त्या दिवशी मला सव्वा तास लागला. पोचलो तेव्हा त्याला खाली आणलं होतं. माणसं फार नव्हती, तरी मला वाट करून द्यायला सगळे बाजूला झाले. पण मी पुढे गेलो नाही. तोंड न बघताच मागे मागे चालत स्मशानापर्यंत गेलो आणि तसाच घरी आलो.

विश्राम घाडी या चित्रकाराचं नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. तो गेल्याची चार ओळींची बातमी एका पेपरात आली होती. तिच्यात त्याला 'हिमालयातल्या पानगळीचा अमूर्त चित्रकार' म्हटलं होतं. बातमी लिहिणाऱ्याची चूक नाही. एका कॅटलॉगमध्ये तसंच छापलेलं आहे, आणि तसं लिहायचं ठरलं तेव्हा मी शेजारी होतो. पण विश्रामच्या शेवटच्या तीस वर्षांच्या चित्रांत पानगळ नव्हती. ती चित्रं कशाची होती ते सुलभा सोडली तर आता मला एकट्यालाच माहीत आहे, आणि तो ती करत राहिला याला बऱ्याच अंशी मी कारण आहे. हे सगळं त्याच्यासमोर बोलायला हवं होतं. ते जमलं नाही, म्हणून आता लिहितो आहे.

मी परळच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. संध्याकाळी कामगारांसाठी वर्ग चालायचा, ड्रॉइंगच्या परीक्षांचा. तिथे हा आला. वय पंचविशीचं, अंगाने काटक, नखांत निळा रंग. मी जांभळा कसा करायचा ते फळ्यावर सांगत होतो. हा मागच्या बाकावरून म्हणाला, "मास्तर, तसा जांभळा मळका होतलो." मग पुढे येऊन त्याने माझ्याच पेटीतल्या रंगांतून असा जांभळा करून दाखवला की मी फळा पुसून टाकला. तो लालबागच्या एका गिरणीत रंगखात्यात होता. वरून कोणी नमुन्याची चिंधी आणून दिली की ती उजेडात धरून कुठला रंग किती घालायचा हे तो सांगायचा, आणि ताग्याला तोच रंग चढायचा. माझ्याकडे डिप्लोमा होता, भिंतीला फ्रेम करून लावलेला. त्याच्याकडे डोळे होते. हे मला त्याच दिवशी कळलं आणि थोडं लागलंही. पण आमची मैत्री झाली, ती चाळीस वर्षं टिकली. तो मला शेवटपर्यंत मास्तरच म्हणत राहिला, आणि अरेतुरेही करत राहिला.

त्याची बायको इंदू. वरळी कोळीवाड्यातली, प्रेमविवाह. विश्रामच्या मालवणी घरात या लग्नाने बरंच वादळ झालं होतं म्हणे, पण मी तिला बघितलं तोवर ते शमलं होतं आणि चाळीतल्या त्या एका खोलीवर तिचंच राज्य होतं. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. मला 'मास्तर भावजी' म्हणायची. विश्राम भिंतीवर चित्र टांगायला लागला की म्हणायची, "जरा बाजूला टांग, तिथे माझी टोपली असते." सुलभा त्यांची एकुलती एक.

मग संप झाला. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, मी वेगळं काय सांगणार? पहिले दोन महिने माणसं सुट्टी लागल्यासारखी वागली. नंतर एकेक बिऱ्हाड गावाला गेलं. भोंगा बंद झाल्यामुळे सकाळ झाली हेच कळेनासं झालं. विश्राम चाळीच्या जिन्यात बसून राहायला लागला, तिसऱ्या पायरीवर, दिवसचे दिवस. चित्रं काढणं थांबलं. मी शाळेतले कागद, रंग नेऊन दिले. तो घ्यायचा आणि बाजूला ठेवायचा. चौथ्या-पाचव्या महिन्यात त्याच्या नखांतला रंग पूर्ण गेला. ती पांढरी नखं तो पुन्हा पुन्हा बघायचा. इंदूने आपल्या आईकडून मासळीची पाटी आणली आणि लालबागच्या बाजारात बसायला लागली. घर तिच्यावर चाललं. विश्राम मला म्हणाला, "ती घरी येते तर म्हावऱ्याचा वास येतो, मास्तर. माझ्या अंगाक कसलोच वास येत नाय." हे बोलताना तो हसला, आणि मला त्या हसण्याची भीती वाटली.

त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमाराला चाळीतल्या एका मालवणी आचाऱ्याने त्याला हाताखाली घेतलं. दादरची एक सहल कंपनी चाळीस-चाळीस माणसं घेऊन काश्मीरला जायची. बरोबर स्टोव्ह, टोप, कोकणी तांदूळ, नारळ. तिकडच्या थंडीत पर्यटकांना सकाळी पोहे आणि रात्री वरणभात मिळायचा. विश्राम कांदे चिरायला म्हणून गेला. पंधरा-वीस दिवसांनी परत आला तो थेट माझ्या शाळेत, वर्ग चालू असताना. सहलीच्या कार्यक्रमाच्या छापील कागदांच्या पाठीवर त्याने चित्रं केली होती. सकाळचा नाश्ता उरकून माणसं फिरायला गेली की दोन-अडीच तास मोकळे मिळायचे. उपडा टोप घालून त्यावर बसायचं आणि समोर दिसेल ते काढायचं. चिनार, पाण्याकाठचे पॉपलर, मागे डोंगर. पोरांसमोरच त्याने ते कागद माझ्या टेबलावर पसरले. "मास्तर, तिकडे अख्खं झाड कोणीतरी रंगात बुडवून काढतं रे. हिरवं असतं, आणि चार दिवसांत... बघ ना." त्याच्या नखांत पुन्हा रंग होता.

आपल्याकडे शरद म्हटलं की चांदणं आठवतं आणि पानगळ म्हटलं की शिशिर. तिकडचा हा ऋतू आपल्या शब्दांत धड बसत नाही. विश्रामला ती अडचण नव्हती. तो त्या ऋतूलाच 'पिवळा' म्हणायचा. "यंदा पिवळा लवकर लागतलो म्हणतत." वर्षातले ते पंधरा-वीस दिवस, आणि त्यानंतर ती चित्रं मोठी करण्यात जाणारे तीन-चार महिने, एवढाच काळ तो जिवंत असायचा. मग पुन्हा जिना. संप कधी संपला हे कोणी सांगितलंच नाही. गिरणीने त्याला परत घेतलं नाही. पण सहलीच्या लोकांनी ती निसर्गचित्रं हौसेने घेतली, एक चित्र कंपनीच्या दादरच्या ऑफिसात दर्शनी भिंतीवर लागलं. मला वाटलं, माणूस तरला.

तिसऱ्या वर्षी तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुलू-मनालीच्या सहलीबरोबर गेला. चार दिवसांनी इंदूला कावीळ झाली.

आधी तिच्या आईने तिला कोळीवाड्यात कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. आठवड्याभराने हॉस्पिटलात आणलं, तोवर उशीर झाला होता हे आम्हाला नंतर कळलं. मी रोज शाळा सुटली की नऊ वर्षांच्या सुलभाला घेऊन जायचो. इंदूची खाट खिडकीशी होती. तिथे दुपारचा सरळ उजेड यायचा आणि त्यात ती दिसायची. डोळे, ओठांच्या कडा, तळहात. मी तो रंग बघितला. रंग शिकवणारा माणूस बघतो तसा बघितला, माझी नजर त्यावरून हलत नव्हती, आणि याची मला आजही शरम वाटते. मी म्हणालो, "विश्रामला कळवतो. कंपनीच्या ऑफिसात रोज संध्याकाळी सहलीवरून फोन येतो, निरोप दिला की झालं."

"नका कळवू, मास्तर भावजी."

"अगं पण..."

"काय मरतेय थोडीच? कावीळ कोणाला होत नाय? तो तिकडे गेला की माणसात येतो. परत आला की तीन-चार महिने तेच डोळ्यांपुढे घेऊन बसतो, नीट जेवतो, पोरीशी खेळतो. मग आहेच त्याचा जिना. ते चार महिने मला पायजेत."

तरीही मी मंगळवारी दादरला गेलो. ऑफिस तळमजल्यावर होतं. दारातून आत दिघे नावाचे कारकून सामानाच्या चिठ्ठ्या लिहीत बसलेले दिसत होते, आणि त्यांच्या डोक्यावर विश्रामचं ते काश्मीरचं चित्र. मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. इंदूचा शब्द मोडवेना, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं आहे, पण अर्धंच. विश्राम त्या वर्षी पहिल्यांदा मनालीच्या वरच्या गावांत जाणार होता. तिथून तो काय घेऊन येईल याची मला ओढ लागली होती. मला ती चित्रं हवी होती...

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला इंदू गेली. दादरच्या त्या दाराशी पुन्हा जाववेना, म्हणून मी मनालीच्या हॉटेलच्या पत्त्यावर तार केली. ती त्याच्या हाती पडायला दोन दिवस लागले. तो पोचला तेव्हा अग्नी देऊन झाला होता. तिच्या भावाने दिला. चाळीच्या जिन्यावरून तो वर येत होता, हातात पिशवी, काखेत चित्रांची गुंडाळी, आणि मी वरच्या पायरीवर उभा होतो. त्याने मला मिठी मारली नाही, रडला नाही. म्हणाला, "तू होतास ना हयसर? मग कळवलंस कसा नाय?"

मी म्हणालो, "कळवलं होतं रे. मंगळवारीच ऑफिसात सांगून आलो होतो."

हे मी ठरवून बोललो नाही. तोंडातून निघून गेलं आणि मग ते परत घेता आलं नाही. तो तसाच वळला. पिशवी जिन्यातच टाकली, माझ्या मनगटाला धरलं आणि आम्ही दादरला गेलो. दिघे त्याला बघून उभे राहिले, म्हणाले, "घाडी, फार वाईट झालं हो." विश्रामने त्यांची कॉलर धरली. "निरोप का नाही दिलात? मंगळवारी मास्तर येऊन सांगून गेला ना?" दिघे गांगरले. "कुठला निरोप? इथे कोणी आलं नाही." विश्राम माझ्याकडे वळला. "सांग, मास्तर. आलेलास ना तू?"

मी मान हलवली. तेवढंच केलं. विश्रामने दिघ्यांच्या मुस्कटात मारली. चष्मा टेबलाखाली गेला. दिघे वाकून तो शोधत होते आणि म्हणत होते, "आईशपथ, कोणी आलं नाही हो." वीस-पंचवीस वर्षं एका जागी इमानाने बसलेला तो माणूस. मी त्यांना चष्मासुद्धा उचलून दिला नाही.

कंपनीने विश्रामला काढून टाकलं, आणि तो पुन्हा कधी उत्तरेत गेला नाही. मनालीहून आणलेली चित्रं त्याने तेराव्यानंतर उघडली. अकरा होती. प्रत्येकाच्या मागे तारीख. एकात देवदारांच्या काळपट हिरव्यात उभा असलेला एकच अक्रोड होता, वरपासून खालपर्यंत पेटलेला. त्याहून चांगलं त्याने तोवर काही केलं नव्हतं. त्याने तारीख बघितली. "किती वाजता गेली म्हणालास?"

"नऊला."

"नऊला मी ह्याच झाडाखाली होतो. गात होतो, मास्तर."

त्यानंतर वर्षभर तो बोललाच नाही म्हटलं तरी चालेल. दादरला एका रंगाऱ्याच्या दुकानात लागला. साडीला जुळता फॉल, ब्लाउजपीस, अस्तर रंगवून द्यायचं दुकान. बायका साडी घेऊन यायच्या, हा बघायचा आणि अर्ध्या तासात तोच रंग काढून द्यायचा. सुलभाला आजी सांभाळायची. एका रविवारी दुपारी तो माझ्याकडे आला. हातात मांजरपाटाचा वीतभर तुकडा, पिवळा रंगवलेला. तो त्याने माझ्यासमोर खिडकीच्या उजेडात धरला.

"चाळीत सगळे म्हणतात, हळदीसारखी झाली होती. म्हणजे कसा पिवळा? ओल्या हळदीचा की सुक्या? त्यांना काय कळणार? तू रंगातला माणूस आहेस, तू रोज बघत होतास. मी एकट्यानेच नाय बघितला. असा होता?"

मी त्या तुकड्याकडे बघितलं. तो रंग तसा नव्हता. खूपच वेगळा होता. इंदूच्या रंगात खालून एक हिरवट छटा होती, आणि तळहातावर तो कोरडा दिसायचा, डोळ्यांत ओला. मला सगळं सांगता आलं असतं. पण ते सांगायला पुन्हा त्या खाटेशी उभं राहावं लागलं असतं, आणि तिथे उभा राहिलो की तिचे शब्द ऐकू आले असते, आणि मग बाकीचं सगळं आपोआप तोंडून निघालं असतं. मी म्हणालो, "जवळ आलायस."

हे मी पुढे वर्षानुवर्षं म्हणत राहिलो.

कला शिकलेल्या माणसांना अमूर्ताकडे जाणारी वाट पुस्तकांतून ठाऊक असते. विश्राम तिथे कसा गेला ते मी डोळ्यांनी बघितलं. सुरुवातीला त्या पिवळ्यात झाड असायचं. मग नुसतं खोड राहिलं. मग डोंगराची रेघ गेली. मी एकदा चिडून म्हणालो, "अरे, यात झाड कुठाय?" तो म्हणाला, "झाड मध्ये येता, मास्तर. रंग दिसूक देत नाय." ब्रश सुटला. रंगखात्यात ताग्याला द्यायचा तशी तो मांजरपाटाला बुडी द्यायचा, चाळीच्या गॅलरीत वाळत घालायचा, पुन्हा बुडवायचा. आठ-आठ, दहा-दहा वेळा. खालच्या बिऱ्हाडांच्या कपड्यांवर पिवळे थेंब पडायचे, भांडणं व्हायची, मग लोक दमले आणि सोडून दिलं. वाळलेलं कापड तो चौकटीवर ताणायचा, आणि जवळून बघितलं की एका पिवळ्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा दिसायचा. चित्र झालं की मला निरोप यायचा. मी जायचो. तो चित्राकडे बघायचाच नाही, माझ्या तोंडाकडे बघायचा. "असा?" मी म्हणायचो, "जवळ आलायस." तो मान हलवायचा आणि चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवून द्यायचा.

किती वेळा माझ्या ओठांवर आलं! निदान "हो, असाच होता" एवढं खोटं तरी बोलावं आणि त्याला सोडवावं. पण एक खोटं पचवायला इतकी वर्षं लागत होती की दुसरं बोलायचं धाडस होईना. शिवाय आणखी एक गोष्ट होती, तीही सांगून टाकतो. ती चित्रं विलक्षण होती. तो थांबला असता तर ती थांबली असती.

वर्षं गेली. गिरणीची चिमणी पाडली, तिथे काचेच्या इमारती आल्या. सुलभा शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं, नवरा भला निघाला आणि बाप तिच्याजवळच राहिला. चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं तेव्हा खोली रिकामी करताना माळ्यावरून साठ-सत्तर चौकटी निघाल्या. माझा एक जुना विद्यार्थी फोर्टात एका गॅलरीत कामाला होता. तो बघायला आला आणि एकेक चौकट उचलून उजेडात नेऊन बघत राहिला. मग म्हणाला, "सर, हे लोकांनी बघायला हवं." विश्राम नको म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. कॅटलॉगसाठी एक बाई मुलाखत घ्यायला आल्या. त्यांनी जुनी काश्मीरची चित्रं बघितली, नंतरची बघितली, आणि त्यांना सगळं उलगडलं. प्रवासात बघितलेला हिमालयातला ऋतू, त्याचं हळूहळू निव्वळ रंगात उतरत गेलेलं सार. त्यांनी विचारलं, "बरोबर ना?" विश्राम म्हणाला, "तुम्हाला दिसतं तसं लिवा." मी शेजारी होतो. मीही काही बोललो नाही.

प्रदर्शनाच्या पहिल्या संध्याकाळी गर्दी नव्हती, पण येत होते ते थांबत होते. रंगखात्यातला त्याचा एक जुना सोबती आला होता, दम लागलेला, काठी टेकत. तो एका चित्रापुढे उभा राहून म्हणाला, "सात बुड्या दिल्यास की आठ?" विश्राम म्हणाला, "नऊ." दोघं हसले. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल... आणि तेवढ्यात सुनेचा हात धरून दिघे आत आले. ऐंशीच्या पुढचे, जाड भिंगांचा चष्मा. पेपरात नाव वाचून आले होते. विश्राम त्यांना बघून पुढे गेला आणि त्यांच्या पायाशी वाकला. म्हणाला, "साहेब, तेव्हा हात उचलला. माफ करा. पण निरोप दिला असतात तर ती माझ्या हातात गेली असती."

दिघ्यांनी त्याला उठवलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "घाडी, मी आता जायला टेकलेला माणूस. आता खोटं बोलून मला काय मिळणार? कोणी आलं नव्हतं हो. मंगळवारी नाही, कधीच नाही. इतकी वर्षं मीच आठवून बघतोय, आपलंच तर चुकलं नाही ना." मग त्यांची नजर माझ्यावर गेली. ओळख पटली असेल का, मला माहीत नाही. विश्रामनेही माझ्याकडे बघितलं.

आम्ही दोघं बाहेर फुटपाथवर आलो. संध्याकाळचा उजेड अजून होता.

"तू गेलाच नव्हतास?"

"गेलो होतो. दारापर्यंत."

"मगे?"

"इंदूने नको सांगितलं होतं. म्हणाली, तो तिथे माणसात येतो, नका बोलवू."

तो कठड्याला टेकला. मी पुढचं सांगत होतो, माझी चूक झाली, मी घाबरलो, वगैरे. त्याने ऐकलं की नाही कळलं नाही. मग त्याने विचारलं, "आणि पिवळा? आता तरी सांग. आतला कुठला त्याच्या जवळचा आहे?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खाट आठवली, खिडकी आठवली, तिचा तळहात आठवला, आणि तळहातावर त्याचंच एक कापड दिसायला लागलं, मग दुसरं, मग तिसरं. त्याच्या साठ-सत्तर पिवळ्यांखाली तो एक पिवळा माझ्याकडून हरवला होता. मी खरं तेच बोललो. "आठवत नाही रे, विश्राम. आता खरंच आठवत नाही."

त्याला तेही खोटं वाटलं. का वाटू नये? तो म्हणाला, "जा, मास्तर." आणि आत गेला.

पुढच्या सात वर्षांत मी दोनदा त्याच्याकडे गेलो. पहिल्यांदा तो आतल्या खोलीत झोपला आहे असं सुलभाच्या नवऱ्याने सांगितलं. दुसऱ्यांदा तो समोरच बसला होता, खिडकीकडे तोंड करून, आणि मी अर्धा तास पाठीमागे खुर्चीत बसून निघून आलो. त्यानंतर मी ठरवलं की तो बोलावील तेव्हा जाईन. म्हातारपणी माणूस असलं काहीतरी ठरवतो आणि त्याला मान राखणं म्हणतो.

तो गेल्यानंतर चौदाव्या दिवशी मी सुलभाकडे गेलो. टॉवर नवा आहे, चौदावा मजला, दोन लहान खोल्या. चित्रं गोधड्यांत गुंडाळून पलंगाखाली, कपाटावर, दारामागे ठेवली आहेत. प्रदर्शन झाल्यावर बाबांनी एकदाही कापड रंगात घातलं नाही, ती म्हणाली. रंगाची पातेली त्यांनी स्वतः भंगारवाल्याला देऊन टाकली. दिवसभर खिडकीशी बसायचे. तिने चहा केला आणि समोर बसून विचारलं, "काका, तुमचं दोघांचं काय झालं होतं? बाबा कधी बोलले नाहीत."

मी तिला सगळं सांगितलं, इथे लिहिलं आहे तसंच. तिच्या आईची गोष्ट होती. ती मला बाहेर जा म्हणाली असती तर मी गेलो असतो. ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "आई नको म्हणाली ते मला माहीत होतं. मी खाटेशीच उभी होते ना."

"मग बाबांना कधी सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही सांगितलं असेल."

मी विचारू नये ते विचारलं, "शेवटी शेवटी माझं नाव काढायचा?"

"नाही, काका." ती खोटं बोलणारी मुलगी नाही. जरा थांबून म्हणाली, "पण लिफ्टचा आवाज झाला की दाराकडे बघायचे. रोज. इथे दिवसातून शंभर वेळा लिफ्ट थांबते, शंभर वेळा बघायचे. कोणाची वाट बघता, म्हणून मी कधी विचारलं नाही. आईची असेल असं वाटायचं."

आईचीच असेल. मीही तसंच म्हणालो तिला. चहा निवला होता, तो मी तसाच प्यालो. मी उठायच्या बेतात होतो तेवढ्यात बाहेर लिफ्ट थांबली, दार सरकल्याचा आवाज आला, आणि आम्ही दोघांनीही मान वळवून दाराकडे बघितलं. शेजारच्यांकडे कोणीतरी आलं होतं.